जहाल पुस्तकांचा माग

'जहाल' हे विशेषण मराठीत विषाला लागते, औषधाला लागते, मिरचीलाही लागते. राजकारणात ते रूढ झाले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, काँग्रेसमधील टिळकपक्षाला उद्देशून. शब्दाचे हे पूर्वचरित्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण त्यात मात्रेचा विचार आहे. अमुक इतके घेतले तर औषध, त्याहून अधिक घेतले तर विष. पुस्तकांच्या बाबतीत ही मात्रा कोणी ठरवायची, हा प्रश्न मराठी मुद्रणसंस्कृतीच्या जवळजवळ आरंभापासून चालत आलेला आहे. तो सोडवण्याचे काम कधी सरकारने केले, कधी संपादकांनी, कधी ग्रंथपालांनी, आणि पुष्कळदा कोणीच केले नाही. पुस्तक आपोआप दिसेनासे झाले. पदव्युत्तर वर्गात फुले, ताराबाई शिंदे, जवळकर, डांगे ही नावे आपण घेतो. विद्यार्थी त्यांची अवतरणे पाठ्यपुस्तकांतून उतरवून घेतात. मूळ पुस्तक हाती घेऊन वाचलेला विद्यार्थी वर्गात एखादाच असतो. त्याला आळस कारण आहे असे आम्हांला वाटत नाही. ही पुस्तके कोठे आहेत हे शोधण्याची विद्या आपण शिकवीत नाही, आणि ती विद्या इतिहास जाणल्याशिवाय येत नाही.

ग्रंथालयाच्या तालिकेत 'जहाल' असा विभाग नसतो. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात समाजवादाला ३३५ हा आकडा आहे, हिंदू धर्माला २९४.५ आहे; पण फुल्यांचे 'गुलामगिरी' यांपैकी कोठे बसवायचे? ते दशावतारांविषयी बोलते म्हणून धर्मात, शूद्रातिशूद्रांविषयी बोलते म्हणून समाजशास्त्रात, संवादरूप आहे म्हणून वाङ्मयात, की इतिहासात? आम्ही पाहिलेल्या तालिकांत ते या चारही ठिकाणी आढळते. एकाच पुस्तकाचे दोन प्रतींतील दोन आकडे एकाच ग्रंथालयात आढळल्याचेही उदाहरण आहे. म्हणून विषयाच्या कपाटाशी जाऊन 'इथे काय आहे' असे पाहणे या पुस्तकांच्या बाबतीत फारसे उपयोगी नाही. दाखल नोंदवहीकडे जावे लागते. जुन्या वाचनालयांत ही नोंदवही अजून असते; तीत पुस्तक कोणत्या वर्षी आले, विकत घेतले की देणगीत मिळाले, आणि कोणत्या वर्षी निर्लेखित झाले, हे एका ओळीत कळते. 'निर्लेखित' हा शेवटचा रकाना या संशोधनात फार महत्त्वाचा आहे.

नोंदवहीच्याही मागे जायचे तर १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यापर्यंत जावे लागते. छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी यांविषयीचा हा कायदा १८५७ च्या उठावानंतर दहा वर्षांनी आला. प्रत्येक मुद्रकाने छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारकडे द्यायच्या आणि सरकारने त्यांची त्रैमासिक सूची गॅझेटातून प्रसिद्ध करायची, अशी त्याची योजना होती. सूचीत ग्रंथनाम, भाषा, कर्ता, विषय, मुद्रणस्थळ, मुद्रक, पृष्ठे, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, शिळाछाप की खिळाछाप, आणि किंमत असे रकाने असत. हेतू देखरेखीचा होता. परिणाम मात्र असा झाला, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी ग्रंथव्यवहाराची इतकी तपशीलवार नोंद आपल्या कोणत्याही साहित्यसंस्थेने केली नाही तितकी इंग्रज सरकारच्या कारकुनांनी केली. यातील काही प्रती लंडनला गेल्या. ब्लूमहार्ट यांनी केलेली ब्रिटिश म्यूझियममधील मराठी व गुजराती छापील पुस्तकांची सूची १८९२ सालची आहे. इंडिया ऑफिस ग्रंथालयातील मराठी पुस्तकांची त्यांचीच सूची १९०८ ची. या दोन सूची आणि शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची 'मराठी ग्रंथसूची' शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर पुष्कळ हरवलेली पुस्तके निदान नावाने तरी परत येतात. दात्यांनी हे काम ग्रंथालये पालथी घालून केले. मराठीच्या प्राध्यापकांनी त्यांचे ऋण जितके मानायला हवे तितके मानलेले नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे उदाहरण या सगळ्या व्यवहाराचे मर्म दाखवणारे आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला आणि वृत्तपत्रांतून एकंदर स्त्रीजातीच्या नीतीवर लेख येऊ लागले. त्याच्या संतापातून बुलढाण्याच्या या लेखिकेने हे छोटे पुस्तक लिहिले. ते १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. सरकारने त्यावर बंदी घातली नाही. कोणी खटला भरला नाही. सत्यशोधक वर्तुळातील काहींनाही ते रुचले नाही, आणि १८८५ मध्ये 'सत्सार'मधून जोतीरावांना ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक नाही, आणि या पुस्तकाचाही उल्लेख जवळजवळ नव्वद वर्षे मराठी वाङ्मयेतिहासात नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते संपादून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातर्फे पुन्हा प्रसिद्ध केले. तेव्हापासून ते अभ्यासक्रमांत आले, १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅन्लन यांच्या भाषांतरामुळे इंग्रजी वाचकांपर्यंतही गेले.

पाचशे प्रती म्हणजे फार नव्हेत, पण थोड्याही नव्हेत. त्या काळच्या पुष्कळ मान्यवर पुस्तकांच्या आवृत्त्या एवढ्याच असत, आणि ती पुस्तके टिकली. मग या पाचशे गेल्या कोठे? जप्त झाल्या असत्या तर त्यांचा हिशेब कोठेतरी लागला असता. त्या घराघरांतून गेल्या. माळ्यावर, रद्दीत, कसरीच्या तोंडी. आमच्या मते मराठीतील जहाल वाङ्मयाची सर्वांत मोठी हानी बंदीने झालेली नाही, अशा निरुपद्रवी विस्मरणाने झाली आहे. एखादे पुस्तक विद्वानांच्या चर्चेत आले नाही की वाचनालय ते मागवत नाही. मागवले तरी कोणी नेत नाही. देवघेव नाही म्हणून ते निर्लेखनाच्या यादीत जाते. या साखळीत दुष्टपणा कोणाचाच नसतो.

जोतीरावांच्या लेखनाचीही तीच कथा थोड्या फरकाने आहे. 'गुलामगिरी' १८७३ मध्ये त्यांच्या हयातीत छापले गेले. अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना ते अर्पण केलेले आहे हे सर्वांना ठाऊक असते. परंतु 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला तरी ग्रंथरूपाने त्यांना तो पाहायला मिळाला नाही. पहिली काही प्रकरणे 'दीनबंधू'त आली. पुढची छापायला संपादक नारायण मेघाजी लोखंडे धजले नाहीत. म्हणजे स्वतःच्या चळवळीच्या पत्रालाही ही मात्रा जास्त वाटली. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' जोतीरावांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये निघाले. 'तृतीय रत्न' हे १८५५ चे नाटक तर छापील स्वरूपात वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षांचे हे अंतर लक्षात घेतले, तर 'फुल्यांचा मराठी नाटकावर प्रभाव' अशा विषयांवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी क्षणभर थांबायला हवे. जे नाटक कोणी वाचलेच नव्हते त्याचा प्रभाव कोणावर पडणार? समग्र वाङ्मय एकत्र आले ते १९६९ मध्ये, धनंजय कीर आणि मालशे यांच्या संपादनाखाली, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाकडून. पुढे य. दि. फडके यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती सिद्ध केली. 'दीनबंधू'चे जुने अंक आज अतिशय दुर्मिळ आहेत. त्यातील मजकुराचा पुष्कळ भाग आपल्याला कळतो तो सरकारच्या साप्ताहिक गोपनीय अहवालांतून. मुंबई सरकारचे भाषांतर खाते देशी वृत्तपत्रांतील आक्षेपार्ह उतारे इंग्रजीत उतरवून वरिष्ठांकडे पाठवीत असे. त्यामुळे मूळ मराठी वाक्य हरवले आणि त्याचे इंग्रजी सारांशरूप उरले, अशी विचित्र अवस्था आहे. मराठी बहुजन पत्रकारितेचा इतिहास लिहिणाऱ्याला इंग्रजीतून मराठीत परतावे लागते.

आता बंदीच्या पुस्तकांकडे वळू. १९०८ ते १९१० ही तीन वर्षे मराठीच्या दृष्टीने फार कडक गेली. टिळकांना शिक्षा झाली. शिवराम महादेव परांजपे तुरुंगात गेले आणि 'काळ' थांबला. 'काळ'मधील निबंधांचे संग्रह जप्त झाले. बाबाराव सावरकरांना कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप झाली. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चे प्रयोग बंद झाले. विनायक दामोदर सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर तर तो छापून होण्यापूर्वीच, १९०९ मध्ये, बंदी आली. त्याचे मूळ मराठी हस्तलिखित पुढे सुमारे चार दशके परदेशात डॉ. कुटिन्हो या गोमंतकीय सहकाऱ्यापाशी राहिले. १९१० च्या प्रेस कायद्याने सरकारच्या हाती पुस्तके जप्त करण्याचा सर्वसाधारण अधिकार आला, आणि त्याच्या पहिल्या भक्ष्यांत एक पुस्तक होते गांधींचे गुजराती 'हिंद स्वराज'.

या बंदीचा पुढचा अंक मुंबईतच घडला. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलेट कायद्याविरुद्धच्या हरताळाच्या दिवशी संध्याकाळी गांधी आणि सरोजिनी नायडू मोटारींतून बाहेर पडले आणि 'हिंद स्वराज' व 'सर्वोदय' ही दोन जप्त पुस्तके त्यांनी रस्त्यावर विकली. किंमत चार आणे ठेवली होती. कोणी पाच रुपये दिले, कोणी दहा, एकाने एका प्रतीला पन्नास रुपये मोजले. विकत घेणाऱ्यालाही तुरुंग होऊ शकतो हे आधी सांगितले जात होते. सर्व प्रती संपल्या, पण अटक कोणालाही झाली नाही. सरकारने काढलेली पळवाट मोठी चतुर होती: जप्त झाली होती ती जुनी आवृत्ती, ही नवी छपाई असल्याने ती विकण्याने गुन्हा होत नाही. गांधींनी आत्मकथेत हा प्रसंग सांगितला आहे आणि त्यांच्या सोबत्यांची निराशाही लपवलेली नाही. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला मात्र यात एक मौज आढळेल. पुस्तक म्हणजे संहिता की विशिष्ट छपाई, हा आपल्या वर्गातला तात्त्विक प्रश्न मुंबई सरकारने एका दिवसात आपल्या सोयीने सोडवून टाकला.

जप्तीचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी होता. जप्त केलेले पुस्तक नष्ट केले जाई, पण एखाददुसरी प्रत पुरावा म्हणून ठेवावी लागे. भाषांतर, टिपण, विधी खात्याचा अभिप्राय असे सगळे फाइलीला जोडले जाई. त्यातील काही लंडनला इंडिया ऑफिसकडे रवाना होई. स्वातंत्र्यानंतर हे साठे अभ्यासकांना खुले झाले, आणि ज्या पत्रकांची एक प्रतही गावात उरली नव्हती ती दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुस्थितीत आढळली. जेरल्ड बॅरियर यांचे या विषयावरचे पुस्तक १९७४ मध्ये आले, आणि ग्रॅहम शॉ व मेरी लॉइड यांनी केलेली लंडनच्या संग्रहाची सूची १९८५ मध्ये. मराठीच्या विद्यार्थ्याने या सूचीतील मराठी विभाग एकदा तरी चाळावा. पोवाडे, मेळ्यांची पदे, चार पानी पत्रके, जत्रेत विकल्या जाणाऱ्या चोपड्या असे जे वाङ्मय आपली ग्रंथालये 'फुटकळ' म्हणून दाखलच करून घेत नसत, ते तेथे नीट क्रमांक लावून ठेवलेले आहे. पोलिसांनी उच्चनीच केले नाही. त्यांना सगळेच वाङ्मय सारखे वाटले. आपल्या वाङ्मयेतिहासकारांना ही समदृष्टी फार उशिरा आली.

डाव्या विचारांच्या पुस्तकांचा मार्ग याहून निराळा, बंदरातून येणारा. १९२१ मध्ये एकवीस वर्षांच्या श्रीपाद अमृत डांगे यांनी 'गांधी विरुद्ध लेनिन' ही इंग्रजी पुस्तिका लिहिली, तेव्हा मुंबईत मार्क्सवादी ग्रंथ मिळणे दुरापास्त होते. पुस्तिका वाचून पीठगिरणीचे मालक रणछोडदास भवान लोटवाला यांनी डांग्यांना जवळ केले. लोटवालांनी परदेशातून समाजवादी पुस्तके आणवून स्वतःचे ग्रंथालय उभारले होते. ते त्यांनी या तरुणांना खुले केले आणि मूळ ग्रंथांच्या स्वस्त आवृत्त्याही काढल्या. भारतातील कम्युनिस्ट चळवळीच्या आरंभीच्या वाचनाचा एक मोठा भाग एका गिरणीमालकाच्या कपाटातून झाला, याचा विनोद त्या चळवळीच्या अधिकृत इतिहासांना फारसा पेललेला नाही. परदेशी टपालाने येणारी अशी पुस्तके समुद्री जकात कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाखाली अडवता येत. एखादी प्रत गाळून सुटली की ती हातोहात फिरे.

२० मार्च १९२९ रोजी देशभर छापे पडले आणि मीरतचा खटला उभा राहिला. आरोपींत मुंबईचे डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी, आळवे, कासले होते. सरकारने दाखल केलेले पुरावे हजारोंच्या घरात होते आणि त्यांत पुस्तके, पत्रे, सभांची टिपणे, 'क्रांती' या मराठी साप्ताहिकातील भाषांतरित उतारे असे सर्व काही होते. निकाल लागायला १९३३ चा जानेवारी उजाडला. या काळात न्यायालयात मार्क्स-लेनिनचे उतारे इतक्या वेळा वाचले गेले आणि वृत्तपत्रांतून इतके छापून आले, की जो प्रचार पक्षाला बाहेर राहून करता आला नसता तो खटल्याने केला. डॉ. गंगाधर अधिकारी यांनी केलेले कम्युनिस्ट जाहीरनाम्याचे मराठी भाषांतर १९३१ चे आहे, म्हणजे भाषांतरकार मीरतला आरोपी असतानाचे. जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेल्या माणसाने राज्यशास्त्रीय परिभाषेसाठी मराठी शब्द कसे घडवले, कोणते संस्कृतातून घेतले आणि कोणते गिरणगावातून उचलले, याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. भाषांतरविद्येच्या आपल्या अभ्यासक्रमांत शेक्सपिअरची भाषांतरे असतात, हे कधी येत नाही.

घरात सापडलेले पुस्तक हा पुरावा होतो काय, हा मीरतचा प्रश्न मीरतबरोबर संपला नाही. १९२२ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत आलेले जप्तीचे ९९अ कलम १९७३ च्या संहितेत ९५ वे झाले, आणि २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेत ९८ वे. मजकुराचा सांगाडा ओळखू येण्याइतका तोच आहे. २०१८ च्या भीमा-कोरेगाव प्रकरणात घरझडतीत मिळालेली पुस्तके आणि सीडी पुराव्यात आल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामिनाच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयात 'वॉर अँड पीस' घरात का ठेवले असा प्रश्न विचारला गेल्याच्या बातमीने दोन दिवस सर्वत्र हशा पिकला. पुढे खुलासा झाला, की पुस्तक टॉल्स्टॉयचे नव्हते; जंगलमहालातील संघर्षाविषयी बिस्वजित रॉय यांनी संपादलेले एक वेगळे पुस्तक होते. हशा थांबला, आणि तेथेच खरी गोष्ट सुटली. टॉल्स्टॉय असता तर हास्यास्पद आणि जंगलमहालवरचा निबंधसंग्रह असला तर रास्त, असा भेद त्या हशात गृहीत होता. तो भेद वाङ्मयाच्या शिक्षकांनी तरी मान्य करता कामा नये. २८ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोन्साल्विस व अरुण फरेरा यांना जामीन देताना, हिंसेला उत्तेजन देणारे वाङ्मय जवळ बाळगणे एवढ्यानेच दहशतवादी कृत्याचा गुन्हा होत नाही, असे स्पष्ट केले. तोवर पाच वर्षे गेली होती. या पाच वर्षांत किती प्राध्यापकांनी आपली कपाटे एकदा डोळ्यांखालून घातली असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. शोधनिबंधाचा विषय निवडताना विद्यार्थी आता दबक्या आवाजात विचारतात, 'हे पुस्तक मागवले तर चालेल ना?' आम्ही चालेल म्हणतो, आणि पुस्तक महाविद्यालयाच्या नावाने मागवतो.

खटल्यावाचूनही जहाल पुस्तके सुलभ होती असा एक काळ आमच्या पिढीने पाहिला आहे. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची पुस्तके लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांत आणि फिरत्या प्रदर्शनांत नाममात्र किमतीला मिळत. अनिल हवालदार मॉस्कोत राहून थेट रशियनमधून मराठी करीत. पक्की बांधणी, उत्तम छपाई, आणि मुलांच्या गोष्टींच्या शेजारी राजकीय अर्थशास्त्र. १९९१ नंतर हा झरा आटला. ही पुस्तके ग्रंथालयांत विपुल होती म्हणून ती सर्वांत आधी निर्लेखित झाली. ज्याची कोणालाही किंमत वाटत नाही इतके ते स्वस्त होते. आज ती जुन्या पुस्तकांच्या बाजारात दामदुपटीने मिळतात. सत्तरच्या दशकातील 'मागोवा' आणि 'तात्पर्य' यांचे अंक तर तेथेही क्वचितच दिसतात.

आंबेडकरी वाङ्मयाने मात्र ग्रंथालयांची वाट पाहिली नाही. 'जातिप्रथेचे विध्वंसन' हे न झालेले भाषण बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतः छापले. दीड हजार प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली, असे ते दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगतात. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लागणारी पुस्तकांची दुकाने ही त्याच परंपरेची आहेत. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका, जिल्ह्याच्या गावी छापलेल्या, मुखपृष्ठावर लेखकाचा पत्ता असलेल्या. यांतील बहुतेकांना कोणत्याही ग्रंथसूचीत जागा नाही. जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन'ची पुनर्मुद्रणे आम्ही प्रथम अशाच जागी पाहिली. १९२५ चे हे पुस्तक. टिळक-चिपळूणकरांवरील त्याच्या भाषेपायी जवळकर, केशवराव जेधे आणि इतरांना शिक्षा झाली, आणि अपिलात डॉ. आंबेडकरांनी वकिली करून त्यांना सोडवले. पुस्तकाची भाषा आजही अंगावर येते, आणि सगळीच समर्थनीय आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु विसाव्या शतकातील मराठी उपहासाचा अभ्यास ते वगळून करणे म्हणजे अत्र्यांपासून सुरुवात करण्यासारखे आहे. उलट बाजूला, शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकर ग्रंथमालेची कथा. १९७९ पासून वसंत मून यांच्या परिश्रमाने खंड निघू लागले. १९८७ मध्ये 'रिडल्स'वरून वादळ उठले, आणि शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप घालून तोड निघाली. मात्रेचा प्रश्न इथे तळटिपेने सुटला. खंडांना मागणी असूनही छपाई रखडल्याच्या बातमीची डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. बंदी न घालताही पुस्तक दुर्मिळ करता येते. आवृत्ती संपू द्यायची आणि कागद गोदामात ठेवायचा.

महाजालावर आता पुष्कळ काही आहे, पण ते सापडण्यासाठी वेगळी चिकाटी लागते. भारतीय डिजिटल ग्रंथालय या प्रकल्पात देशभरच्या ग्रंथालयांतील लाखो पुस्तकांची पाने प्रतिमारूपात साठवली गेली. मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले. पण २०१७ च्या सुमारास त्यातील चार लाखांहून अधिक पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर चढवली गेली होती, म्हणून वाचली. अडचण अशी, की ग्रंथनामे देवनागरीत नसून रोमन लिपीत आहेत, आणि ती टंकणाऱ्याला मराठी येत असेलच असे नाही. दीर्घ स्वरासाठी कोठे दुहेरी अक्षर, कोठे एकेरी. 'फुले' कोठे पीएचने तर कोठे एफने. जोतीराव, जोतिराव, ज्योतिबा, महात्मा अशी चार रूपे. लेखकाच्या जागी संपादक, संपादकाच्या जागी मुद्रक. पुस्तकाच्या नावाने न मिळाल्यास मुद्रणालयाच्या नावाने, वर्षाने, किंवा नावातील सर्वांत विचित्र शब्दाने शोधावे. 'असूड' हा शब्द 'शेतकरी'पेक्षा अधिक फळ देतो. पुस्तकाच्या आतील मजकूर शोधण्याची सोय जुन्या खिळ्यांच्या छपाईपुढे बहुधा हार मानते. साहित्य संस्कृती मंडळाने आपली बरीच प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर गृह खात्याच्या राजकीय फाइली पाहता येतात. देशी वृत्तपत्रांवरील सरकारी अहवाल साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्जमध्ये आहेत. प्रतिमा उघडल्यावर मुखपृष्ठामागचा शिक्का अवश्य पाहावा. कोणत्या वाचनालयाची प्रत होती, कोणत्या साली दाखल झाली, आणि तिच्यावर 'रद्द' असा शिक्का आहे काय, हे तेथे कळते. पुष्कळ प्रतींवर असा शिक्का आहे. म्हणजे मूळ वाचनालयात ते पुस्तक आज नाही, पण त्याची छाया जगभर उपलब्ध आहे.

हक्कांचा हिशेबही करून ठेवावा. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क चालतो. फुले, ताराबाई, परांजपे, जवळकर यांचे लेखन केव्हाच मुक्त झाले आहे, डॉ. आंबेडकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहे, आणि त्यानंतर निघालेल्या खासगी आवृत्त्यांची संख्या त्याची साक्ष देईल. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. 'फकिरा', 'माझा रशियाचा प्रवास' आणि त्यांच्या कथा २०२९ च्या अखेरपर्यंत वाट पाहायला लावणार. तोवर कोणत्या वाचनालयात त्यांच्या पहिल्या आवृत्त्या आहेत, याची यादी करायला आपल्या विद्यार्थ्यांच्या एखाद-दोन तुकड्या पुरेशा आहेत. आम्ही आमच्या जिल्ह्यापुरती ती सुरू केली आहे; नोंदवहीतल्या सतरा प्रतींपैकी अकरा अद्याप कपाटात सापडल्या.